नणंदेची नखं आणि नवरदेवाचं काकण

मी लावलेलं नख मुळाशी उचलून परत आलेली बाई कधीही खरं बोलत नाही. ती येते, समोर बसते, हात पुढे करते आणि म्हणते, कुछ नहीं किया दीदी, अपने आप उखड़ गया. आपोआप! म्हणजे नखाला बसल्या बसल्या कंटाळा आला आणि ते उठून निघालं. मी बोटं उलटीपालटी करून बघते. मुळाशी कणीक वाळलेली असते, टोकाला कुठल्या तरी डब्याचं झाकण उचकल्याची खूण असते, आणि बाई छताकडे बघत असते. काही म्हटलं की चोराच्या उलट्या बोंबा सुरू होतात. तुमचं सामानच हलकं असेल, दिल्लीत माझ्या बहिणीनं केली तर महिना महिना हलत नाहीत.

मी लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले तेव्हा शहराला राजधानी होऊन बरीच वर्षं झाली होती. ऑफिसं एकेक करून शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीकडे निघाली होती आणि माझा नवरा सकाळी डबा घेऊन तिकडच्या बसमागे पळायचा. आमचं घर ब्राह्मणपाऱ्यात. पण नखं करून घेणाऱ्या बायका शंकर नगरच्या, साहेबांच्या बायका आणि त्यांच्या मुली. नागपुरात मी लग्नाआधी या कामाचा क्लास केला होता, म्हणून शंकर नगरमधल्या एका पार्लरच्या कोपऱ्यात मला टेबल मिळालं. काम बरं चाललं होतं. आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर पार्लरवाल्या दीदीनं सांगितलं, की सीझन संपला की टेबल उचल, त्या जागी तिला केस धुवायची खुर्ची बसवायची आहे.

तिच्यावर चिडून उपयोग नव्हता, जागा तिची होती. मी चिडले ती नखांवर. खरं सांगायचं तर अ‍ॅक्रिलिकचं नख टिकवण्यात काही जादू नाही. आपल्या नखावर तेल, पाणी, धूळ यांचा अंश राहता कामा नये, बास. मुळाशी चिकटलेली पातळ कातडी मागे सारायची, हलक्या कानशीनं चमक घालवायची, नख कोरडं करणारं औषध फिरवायचं, त्यावर प्रायमर जेमतेम ओलं होईल इतकंच. मग ब्रशवर लिक्विड आणि पावडरचा गोळा घ्यायचा, तो पातळही नको आणि कोरडाही नको, आणि कातडीपासून केसभर जागा सोडून बसवायचा. कातडीला टेकला की तिथूनच उचलतो. एवढं करून बाई घरी जाते आणि पुढचं सगळं तिच्या हातात. नख दागिना आहे, हत्यार नाही, हे मी प्रत्येकीला सांगायचे. भांडी घासताना हातमोजे घाला. सुटलंच तर घरातल्या गोंदानं चिकटवू नका, खाली पाणी अडकतं आणि नख हिरवं पडतं. सगळ्या माना डोलवायच्या आणि घरी जाऊन नखानं लसूण सोलायच्या. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात रायपूरचा उन्हाळा. खोलीत कूलर लावला की त्याची ओली हवा थेट नखांवर येते आणि नख बसायच्या आधीच दमट होतं. कूलर बंद केला की बाईचे तळवे घामानं चिंब. मी कूलरकडे एकदा आणि बाईकडे एकदा बघत बसायचे. शेवटी कूलर बंद करून हातपंखा तिच्याच दुसऱ्या हातात द्यायचे, आणि राजधानीच्या साहेबाची बायको स्वतःला वारा घालत माझ्याकडे रागानं बघायची.

टेबल जाणार म्हटल्यावर माझा डोळा आमच्या घरातल्या समोरच्या खोलीवर गेला. खोली गल्लीकडे उघडते. बायांना घरातून जायला नको. पण तिथे माझे सासरे बसायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गल्लीतली रहदारी, सगळं त्या खोलीत. ते वाईट नव्हते. फक्त घरात जे काही व्हायचं ते त्यांना विचारून व्हायचं, आणि विचारायच्या त्या सासूबाई. पडदे बदलायचे, विचारा. माहेरी जायचं, विचारा. मी थेट काही विचारलं तर ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, आईला सांग, ती विचारेल.

म्हणून मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी वासाचं कारण काढलं. अ‍ॅक्रिलिकला वास येतो, ते खरंच आहे. मग म्हणाल्या, घरात दुसऱ्यांची नखं पडू नयेत, भांडणं होतात. मी म्हटलं, आपल्याकडे भांडणं व्हायला नखं लागत नाहीत. हे बोलायला नको होतं, पण तोवर बोलून झालं होतं. दोन दिवस त्यांनी माझ्याशी फक्त मीठ-मिरचीपुरतं बोलणं ठेवलं.

तेवढ्यात माझ्या नणंदेचं लग्न जवळ आलं. ही नणंद रायपूरलाच जन्मलेली आणि वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची आणि मला भाभी म्हणायची. तिनं जाहीर केलं की लग्नात माझ्या हातची लांब नखं लावणार. सासूबाई म्हणाल्या, लग्न लागायच्या आत गळून पडतील, पाहुण्यांत शोभा होईल. मी म्हटलं, पडणार नाहीत. त्या म्हणाल्या, पडतील. स्वयंपाकघरात आमचं हे असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी हातातला झारा खाली ठेवला.

"पोरगी मांडवातून निघेपर्यंत एक जरी नख सुटलं, तर समोरच्या खोलीचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही सुटलं, तर मी यांले विचारीन."

म्हणजे जिंकले तरी खोली मिळणार नव्हती, खोलीबद्दल विचारलं जाणार होतं. तरी मी हो म्हटलं. दुसरा रस्ताच नव्हता. सासऱ्यांनी सासूबाईंना एखाद्या गोष्टीला सरळ नाही म्हटल्याचं मी पाहिलं नव्हतं. बघू म्हणायचे, आणि बघायला वर्षं लावायचे. पण निदान विषय निघाला असता.

नखं कधी लावायची हा पहिला घोळ. हळद झाल्यावर लावणं सगळ्यात बरं, पण आमच्या घरी हळद एकदाच लागेल तर ना. गल्लीतल्या छत्तीसगढी शेजारणींची तेल चढवायची रीत आमच्या घरात केव्हाच शिरली होती, आणि विदर्भाची हळद वेगळी. दोन दिवस कोणी ना कोणी येऊन पोरीला तेल आणि हळद लावून जाणार होतं. तेव्हा मी ठरवलं, की पहिलं तेल लागायच्या आधी, सकाळीच, नखं लावून मोकळं व्हायचं. नणंदेला आठवडाभर बजावून ठेवलं, त्या दिवशी हाताला तेलाचं बोट लावायचं नाही. ती म्हणाली, पता है भाभी, कितनी बार बोलोगी.

सकाळी सामान घेऊन आत जाते तर लग्नाला आलेल्या अकोल्याच्या मावशीबाई पलंगावर बसलेल्या, नणंद खाली त्यांच्या पायांशी, आणि डोक्यावर तेलाची वाटी पालथी घातलेली. तेल कानशिलावरून ओघळत होतं आणि ही बया दोन्ही हातांनी ते पुसून कोपरापर्यंत चोळत होती. मी कपाळावर हात मारला. मावशीबाई म्हणाल्या, लग्नाच्या पोरीचं डोकं कोरडं ठेवून राहिली का तुम्ही लोक, तेल असलं की डोकं शांत राहते. माझं डोकं त्यांना दिसत नव्हतं.

मग तिचे हात साबणानं धुतले, पुसले, परत धुतले. केस टॉवेलात घट्ट बांधले आणि सांगितलं, की केसाला हात लावलास तर मी सरळ माहेरी निघून जाईन. कूलर बंद केला. खोलीत पाहुण्या बायका भरलेल्या. कूलर बंद होताच सगळ्यांचा जीव गुदमरायला लागला, पण उठून बाहेर जायला एकही तयार नाही, कारण नखं कशी लावतात ते बघायचं होतं. एक जण विचारत होती, हे प्लास्टिक का? दुसरी म्हणाली, जेवते कशी मग पोट्टी? तिसरीनं पदरानं वारा घालता घालता माझी पावडर उडवली. मी दातओठ खात काम करत होते. पण केलं नीट. पाहुण्यांच्या गर्दीत वावरणाऱ्या मुलीला झेपतील इतकीच लांबी ठेवली, सगळ्या कडा नीट बंद केल्या, आणि शेवटी मुळांशी बदामाचं तेल चोळलं.

ते बघून सासूबाई दारातून म्हणाल्या, मघाशी तेल लागलं म्हणून हिनं घर डोक्यावर घेतलं, आन् आता स्वतःच तेल लावून राहिली, हे कसलं शास्त्र? मी समजावलं, की आधीचं तेल शत्रू आणि नंतरचं तेल मित्र. आधी लागलं तर नख बसत नाही, नंतर लागलं तर कातडी मऊ राहते. सगळ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मी पुन्हा कोणाला काही समजावलं नाही.

पुढचे दोन दिवस मी नणंदेची सावली झाले. तेल चढलं, हळद लागली, त्याचं मला भय नव्हतं. भय होतं तिच्या सवयींचं. मेंदी वाळली तर ही नखानं खरवडायला लागली. मी हात धरला आणि चमचा दिला. सेफ्टी पिन नखानं उघडत होती, ती मी उघडली. चुडा भरताना कासारीणबाईंना मी इतक्या सूचना केल्या, की त्यांनी बांगड्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, तूच भर. फोनच्या काचेवर ती नखं टकटक वाजवत बसायची, तेव्हा मी फोनच काढून घ्यायचे. नणंद सगळ्यांना सांगत सुटली, की भाभीनं माझ्या मागे कॅमेरा लावलाय आणि कॅमेरा भाभीच आहे. आणि सासूबाई येता-जाता तिच्या बोटांकडे बघून जायच्या.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, जेवणं झाली. नखं जिथल्या तिथे. फोटोवाल्यानं अंगठ्यांचा फोटो काढताना हात मुद्दाम पुढे घ्यायला लावले, आणि मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी दुसरीकडे बघितलं. मला इतका आनंद झाला की मी श्रीखंडाची वाटी दुसऱ्यांदा मागून घेतली.

राहिलं होतं फक्त काकण. लग्नात नवरा-नवरीच्या मनगटाला हळकुंड घालून दोरा बांधतात आणि नंतर दोघांनी एकमेकांचं काकण एका हातानं सोडवायचं. नवरदेवाकडचे नागपूरला सकाळीच निघणार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या आधी हॉलमध्येच काकण सोडायचं ठरलं. लोक म्हणतात, जो आधी सोडवेल त्याचं घरात चालेल. गंमत असते. पण ज्याला सोडवता येत नाही त्यानं कात्री मागायची, आणि कात्री मागितली की वऱ्हाड जन्मभर ऐकवतं.

नवरदेवानं नणंदेचं काकण बघता बघता सोडवलं. दोरा ओढला आणि हातात आला. तिकडच्यांनी टाळ्या पिटल्या. मग तिची पाळी. नवऱ्याचं काकण त्याच्या बहिणीनं बांधलं होतं, गाठीवर गाठ, आणि हळदीत भिजून वाळल्यावर ती गाठ सुपारीसारखी कडक झाली होती. नणंद बोटांच्या पेरांनी दोरा चोळत बसली. पेरांनी काय होतं? गाठीत काही तरी टोकदार खुपसायला हवं, आणि टोकदार तिच्याकडे होतं, प्रत्येक बोटावर, मीच लावलेलं. पण ती बोटं उताणी करून, नखं जपत, गाठ नुसती कुरवाळत होती. मध्येच तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. आमची शर्त तिला माहीत होती. माझ्या खोलीसाठी ही पोरगी भर मांडवात हरायला बसली होती.

तिकडे गंमत वाढत चालली. कोणीतरी म्हणालं, राहू द्या, नाजूक आहे. नवरा हसत होता, वाईट मनानं नाही, पण जिंकलेला माणूस हसतो तसा. त्याच्या बहिणीनं पर्समधून छोटी कात्री काढली आणि नणंदेसमोर धरली. "हार मान लो भाभी, नहीं तो इतने सुंदर नाखून टूट जाएँगे."

मला जो राग आला तो कोणावर ते आजही नीट सांगता येणार नाही. त्या कात्रीवर आला, माझ्या टेबलावर आला, आणि नख दागिना आहे म्हणून मी गावभर जे सांगत फिरत होते त्या सगळ्यावर आला. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी मोठ्यानं बोलले.

"मोडू दे नखं. घाल त्या गाठीत. मी आहे ना लावायला."

तिनं एक क्षणही घालवला नाही. ती जणू याचीच वाट बघत होती. अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख गाठीत खुपसलं आणि ओठ चावून जोर केला. अंगठ्याचं नख मुळापासून उचललेलं मला बसल्या जागेवरून दिसलं. मग तर्जनीचं तुटलं आणि सतरंजीवर पडलं. मग तिनं मधलं बोट घातलं. ते अर्धं सुटलं, पण गाठ हलली. एक पदर निघाला, दुसरा निघाला, आणि तिनं दोरा हळकुंडासकट नवऱ्याच्या मांडीवर टाकला. आमच्याकडच्या बायकांनी असा काही गलका केला की बँडवाले आत डोकावून गेले. कात्री गुपचूप पर्समध्ये गेली.

पाठवणीला थोडा वेळ होता. मी तिला नवरीच्या खोलीत नेलं आणि मोडलेली नखं उतरवायला बसले. उचललेलं नख तसंच सोडता येत नाही, चिकटवता तर मुळीच येत नाही. कानशीनं पातळ करत करत काढावं लागतं. अंगठा लाल झाला होता. मी तिला रागावत होते, की एवढा जोर कशाला, कडेनं घालायचं, सरळ नाही. ती हसत होती आणि मध्येच रडत होती, आणि दोन्ही करताना हात हलवत होती. मी म्हटलं, हात स्थिर ठेव, माझं आधीच सगळं गेलंय.

सासूबाई आत आल्या आणि दार लोटून घेतलं. लेकीचा हात उचलून बघितला. एकेक बोट बघितलं.

"शर्त हरली तू," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, हरले, विषय पुन्हा काढणार नाही. माझा आवाज चढला होता. मला वाटलं आता वासाचं निघेल, घरात पडलेल्या नखांचं निघेल. पण त्या लेकीच्या शेजारी बसल्या आणि तिचा लाल अंगठा आपल्या पदरात धरला.

"हिचं काकण मीच ढिलं बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "माझंही माझ्या आईनं ढिलंच बांधलं. आन् मले सांगितलं, का नवऱ्याचं सोडवू नको, कात्री मागून घे, माणूस खूश राहते. मी मागितली. तवापासून सगळं मागूनच घेऊन राहिली."

बाहेरून कोणीतरी गाडी लागल्याचं सांगत होतं. सासूबाई उठल्या, पदर नीट केला आणि दाराशी जाऊन थांबल्या.

"समोरच्या खोलीचं यांले आता विचारत नाही," त्या म्हणाल्या. "सांगीन."

मी मान वर केली नाही. केली असती तर रडले असते, आणि हातात कानस होती.